पडद्यातल्या सुमनबाई

एका गावात एक भोळा डॉक्टर होता. डॉक्टर आणि भोळा, हे कसं काय, असं विचारू नका. होता. गावाचं नाव बोरखेडी आणि डॉक्टरचं नाव विश्वंभर ढोबळे.

ढोबळे डॉक्टर अडाणी मुळीच नव्हता. शरीरातली दोनशे सहा हाडं तो झोपेतसुद्धा मोजून दाखवायचा. त्याच्या गोळीनं ताप उतरला नाही असं कधी झालं नाही. पण एक खोड होती. त्याला जे सांगाल ते तो तसंच्या तसं करायचा, आणि त्याला जे विचाराल त्याचं खरं खरं उत्तर द्यायचा. खरं बोलू नये असं माझं म्हणणं नाही. पण जरा बेतानं बोलावं की नाही?

पहिल्याच आठवड्यात धोंडीराम सरपंचाची म्हातारी आई सर्दीनं बेजार होऊन आरोग्य केंद्रात आली. बसता बसता सहज म्हणाली, "डाक्तर, म्या वाचंन न्हवं?"

डॉक्टरनं रजिस्टरमधून मान वर न काढता सांगितलं, "नाही. कुणीच वाचत नाही."

म्हातारी घरी गेली आणि देवासमोर अंथरूण टाकून पडली. सर्दी तीन दिवसांत गेली, पण म्हातारी काही उठेना. तिनं आपल्या पाटल्या कुणाला द्यायच्या तेही सांगून टाकलं.

सरपंच भडकला. त्यानं जिल्ह्याला अर्ज ठोकला. जिल्ह्याचे मोठे साहेब, डॉक्टर बेलसरे, यांनी अर्ज वाचून कपाळाला हात लावला. ढोबळेला काढावं, तर बोरखेडीला यायला दुसरा कुणी तयार नव्हता. ढोबळे येण्याआधी डॉक्टरच्या खोलीला चार वर्षं कुलूप होतं. त्या चार वर्षांत मालन सिस्टरनं एकटीनं केंद्र चालवलं. एकशे सोळा बाळंतपणं केली. एकशे चौदा सुखरूप झाली. दोन हातातून गेली, आणि त्या दोन बायकांची नावं मालनताई अजून विसरली नव्हती.

साहेबांनी एक लॅपटॉप पाठवला. त्या लॅपटॉपात एक बाई होती.

बाईचं नाव सुमनबाई. हिरवं लुगडं, कपाळाला कुंकू, खुर्चीत बसलेली. ती खरी नव्हती, डॉक्टरांना बोलायला शिकवण्यासाठी कुणीतरी संगणकात बनवली होती. पण तिच्याशी बोललं की ती बोलायची, वेडंवाकडं बोललं की डोळ्यांना पदर लावायची. दुखणंही रोज नवं. बोलणं संपलं की पडद्यावर मार्क यायचे आणि काय चुकलं तेही लिहून यायचं. सोबत साहेबांची चिठ्ठी होती. महिनाभर सराव करा, मग मी स्वतः येऊन परीक्षा घेईन. पास झालात तर राहाल. नापास झालात तर बदली, आणि खोलीला पुन्हा कुलूप.

मालनताईनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग हात जोडले. "डॉक्टरसाहेब, काय वाट्टेल ते करा, पण पास व्हा. मी पुन्हा एकटी नाही राहायची इथं."

"असं होय!" डॉक्टर म्हणाला. "लिहून घेतो." आणि त्यानं वहीत लिहिलं: पास व्हायचं.

पहिल्या दिवशी सुमनबाईंचं डोकं दुखत होतं. डॉक्टर वहीत बघून बोलला. शंभरपैकी अकरा मार्क. खाली लिहून आलं: पेशंटच्या जवळ बसा. त्याच्या डोळ्यांत बघून बोला.

"असं होय! लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकोबा सुतार आला. त्याचे डोळे आले होते. लालभडक, चिकट, पाणी गळतंय. डॉक्टरनं आपली खुर्ची ओढली, भिकोबाच्या नाकाला नाक लागेल इतका जवळ बसला, आणि डोळ्यांत बघू लागला.

"डाक्तर, लांब व्हा की जरा," भिकोबा म्हणाला.

"नाही. जवळच बसायचं असतं."

दहा मिनिटं बघितलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरचे डोळे आले. पण धडा तो धडा. त्यानं रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत जवळून बघितलं. आठवडा संपेपर्यंत निम्मी बोरखेडी काळे चष्मे लावून हिंडत होती. बाहेरगावचा एक पाहुणा स्टँडवर उतरला आणि, गावात कुणी सिनेमावाले आलेत का, असं विचारून गेला.

मालनताईनं स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालता घालता सांगितलं, "अहो डॉक्टरसाहेब, डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघतात का? लांब बसायचं आणि नुसतं ऐकून घ्यायचं."

त्या दिवशी लॅपटॉपनंही तेच सांगितलं: पेशंट बोलत असताना मध्ये तोडू नका. त्याचं झालं की 'अजून काही?' असं विचारा.

"असं होय! लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता कोंडाबाई दारात आली. कोंडाबाई म्हणजे काय चीज आहे ते बोरखेडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती रस्त्यानं येताना दिसली की लोक उभं पीक सोडून आडवाटेनं घरी जात. तिनं आत डोकावून विचारलं, "मालन हाय का?"

डॉक्टरनं खुर्ची चांगली चार हात लांब सरकवली आणि म्हणाला, "बसा. बोला."

असं कोंडाबाईला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ती बसली आणि बोलू लागली. दहा वाजेपर्यंत ती स्वतःच्या लग्नात होती. बारा वाजता थोरल्या दिराशी भांडण झालं. दोन वाजता म्हैस व्याली. मध्ये ती श्वास घ्यायला थांबली की डॉक्टर विचारायचा, "अजून काही?" आणि कोंडाबाई म्हणायची, "तर वो!"

बाहेर रांगेत सदतीस माणसं होती. काही कंटाळून गेली, काही बसल्या जागी बरी झाली. पाच वाजता कोंडाबाई उठली. डोळे पुसून म्हणाली, "लई बरं वाटलं बगा." मग पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. "ही मालनला द्या. लोणच्याची हाय. तेवढ्यासाठीच आलते."

मालनताईला कळेना हसावं की रडावं. "अहो, ऐकायचं ते दुखणाऱ्या माणसाचं! ही तर ठणठणीत होती."

"पण ती बोलत होती," डॉक्टर म्हणाला.

मालनताईनं बरणी उचलली आणि ती आत गेली.

पुढचा धडा मोठा होता. सुमनबाईंच्या पोटात गाठ निघाली होती आणि ते त्यांना सांगायचं होतं. डॉक्टरनं एका दमात सांगून टाकलं. सुमनबाई पडद्यात ढसाढसा रडल्या. नऊ मार्क. खाली लिहून आलं: गंभीर बातमी एकदम सांगू नका. माणसाला खाली बसवा. पाणी द्या. खांद्यावर हात ठेवा. किती माहिती हवी आहे ते विचारा. मग थांबत थांबत, हळू आवाजात सांगा.

"असं होय!" डॉक्टरनं हे सगळं लिहून घेतलं आणि पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी येसाबाई आपल्या सुनेला, ताराला, घेऊन आली. ताराच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. येसाबाईनं नवस बोलायला एक देव शिल्लक ठेवला नव्हता. मालनताईनं तपासणी केली, कागद डॉक्टरच्या हातात दिला आणि हसून म्हणाली, "तुम्हीच सांगा, साहेब. मानाची बातमी आहे."

डॉक्टर बाहेर आला. चेहरा पाडलेला. "येसाबाई, खाली बसा."

येसाबाई बसली.

"पाणी घ्या."

"पानी कशाला? काय झालंय?"

डॉक्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "किती माहिती हवी आहे तुम्हाला? सगळी, की थोडी?"

येसाबाईच्या हातातला पेला पडला. तारा आधीच मटकन खाली बसली होती. डॉक्टरनं एक मोठा श्वास घेतला. "मन घट्ट करा," तो म्हणाला आणि थांबला. थांबत थांबत सांगायचं असतं ना.

तो थांबला तेवढ्यात येसाबाईनं हंबरडा फोडला. रांग रडायला लागली. कुणीतरी सायकल दामटून ताराच्या नवऱ्याला रानातून आणलं. भावकीतले दोघे लाकडांचं बघायला निघालेसुद्धा. या सगळ्या आकांतात डॉक्टर शांतपणे म्हणाला, "ताराबाईंना दिवस गेले आहेत." पण ते ऐकतंय कोण? शेवटी मालनताईनं बाकावर चढून ओरडून सांगितलं, तेव्हा कुठं रडणं थांबलं. मग आनंदानं पुन्हा सुरू झालं.

"अहो, काय हे!" मालनताईचा घसा बसला होता. "चांगली बातमी कशी सांगतात? हसत सांगतात! दोन्ही हात वर करून, अभिनंदन म्हणून, पेढे मागतात!"

"असं होय! लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी कोण यावं? धोंडीराम सरपंच. पोट धरून, वाकून, घामाघूम. तालुक्याहून काढून आणलेला फोटो त्यानं टेबलावर टाकला. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून बघितला. मग दोन्ही हात वर केले आणि खदखदून हसला.

"अभिनंदन, सरपंच! मुतखडा आहे! चांगला टपोरा! पेढे कुठायत?"

सरपंचाला उठवत असतं तर त्यानं त्या दिवशी काय केलं असतं सांगता येत नाही. त्यानं पोट धरल्या धरल्या बेलसरे साहेबांना फोन लावला. "साहेब, ह्या मंगळवारी परीक्षा घ्या आन् ह्याला न्या. आमास्नी कुलूपच बरं." औषध मात्र डॉक्टरचंच घेतलं. चार दिवसांत खडा पडला. ते त्यानं साहेबांना कळवलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मालनताई डॉक्टरसमोर येऊन बसली. ती रागावली नाही. तिला आता रागवायलाही बळ नव्हतं. तिनं कपाटातून जुनं कुलूप काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, उद्या हे लागणार. मला त्याचंच वाईट वाटतंय. तुम्ही माणूस वाईट नाही. पण तुम्ही कायम कालचा धडा आज गिरवता. वही ठेवून द्या. एकच सांगते. समोर जो पेशंट असेल तो आपल्या घरचा माणूस आहे असं समजा. माझी आई इथं पडली असती तर मी काय केलं असतं, तेवढंच विचारा मनाला. ते करा. बस."

डॉक्टरनं वही मिटली. "असं होय," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं लिहून घेतलं नाही.

मंगळवारी बोरखेडीत दिवसभर लाईट नसते. अकरा वाजता बेलसरे साहेब आले, खुर्चीत बसले, पेन काढलं. लॅपटॉप उघडला. सुमनबाई पडद्यात छातीला हात लावून बसल्या होत्या.

"डॉक्टर, सकाळपासून छातीत दुखतंय. डाव्या हाताला कळ येतीय. पण मी मोठ्या दवाखान्यात जायची नाही. मला भीती वाटते."

हाच परीक्षेतला प्रश्न होता. बाईंना जायला तयार करायचं.

डॉक्टरनं खुर्ची जवळ घेतली. बाईंच्या डोळ्यांत बघितलं. त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, एकदाही तोडलं नाही. मग मऊ आवाजात म्हणाला, "सुमनबाई, भीती वाटणारच. पण हे हृदयाचं दुखणं आहे, इथं त्याचे उपचार नाहीत. तुम्ही एकट्या जायच्या नाहीत. मी तुमच्याबरोबर येतो. तिथं पोचेपर्यंत तुमचा हात सोडणार नाही."

मालनताई दाराआड उभी होती. तिच्या अंगावर काटा आला. बेलसरे साहेबांनी मान हलवली. हाच का तो डॉक्टर?

सुमनबाईंनी डोळे पुसले. "बरं डॉक्टर. तुम्ही म्हणताय तर न्या मला."

इथं परीक्षा संपली. पडद्यावर मार्क आले, शंभरपैकी चौऱ्याण्णव. साहेबांनी सही करायला पेन टेकवलं. आणि डॉक्टर उठला, लॅपटॉप दोन्ही हातांवर अलगद उचलला आणि बाहेर पळाला.

"इस्माईलभाई! गाडी काढा! हार्ट अटॅक!"

इस्माईलभाई चोवीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवत होते. डॉक्टर पेशंट म्हणाला की मागं वळून बघायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी गाडी सुरू केली. डॉक्टरनं लॅपटॉप स्ट्रेचरवर निजवला, पडदा वर राहील असा, आणि खाली शाल दिली. साहेब ओरडत मागून धावले. "ढोबळे! परीक्षा संपली!"

"परीक्षेचं नंतर बघू, साहेब! बाईंचा जीव महत्त्वाचा!"

साहेब कसेबसे मागच्या दारातून आत चढले. मालनताईही चढली, हाताला लागला तो चार्जर पिशवीत कोंबून. गाडी सायरन वाजवत निघाली. जिल्ह्याचं ठिकाण चाळीस किलोमीटर. मध्ये घाट.

"अहो, ती बाई खरी नाही!" साहेब म्हणाले.

"घरची समजायची असते," डॉक्टर म्हणाला आणि लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवून बसला. "सुमनबाई, घाबरू नका. मी आहे."

आता लॅपटॉपला चार्जर लावायचं काम नेहमी मालनताईचं असे. डॉक्टरला हाडं दोनशे सहा माहीत, पण वायरीतलं ओ की ठो कळत नसे. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. तो कमी कमी होत होता.

"नाडी बारावर आली!" डॉक्टर ओरडला. "इस्माईलभाई, दाबा!"

"ती बॅटरी आहे!" साहेब म्हणाले.

"सात! सुमनबाई, डोळे मिटू नका! चार!"

घाटाच्या तिसऱ्या वळणावर पडदा काळा झाला.

डॉक्टरनं हाक मारली. दोनदा मारली. मग गाडी थांबवायला सांगितली. शाल ओढून पडद्यावर पांघरली. खाली उतरला, आणि बेलसरे साहेबांचा हात धरून त्यांना रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. बाईंचे नातेवाईक म्हणून दुसरं तिथं होतं तरी कोण? बाई साहेबांच्याच खात्यातून आली होती.

"पाणी घ्या, साहेब."

साहेबांनी चिडून पाणी घेतलं. धावून धावून त्यांना तहान लागलीच होती. डॉक्टर शेजारी बसला. खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"साहेब, आपण वेळेत निघालो. वाटेत त्यांना एकटं वाटू दिलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्याशी बोलत होतो." तो थोडा थांबला. "बाई गेल्या, साहेब."

बेलसरे साहेब रागानं काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना आई आठवली. गेल्या वर्षी ती गेली होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनं लिफ्टची वाट बघता बघता सांगितलं होतं, "त्या गेल्या. तिकडं सही करा." आणि लिफ्ट आल्यावर तो आत शिरला होता. साहेब स्वतः डॉक्टर, म्हणून त्यांना रडताही आलं नव्हतं. ते आता आलं. भर दुपारी, घाटात, मोरीच्या कठड्यावर बसून साहेब हमसाहमशी रडले. ढोबळे डॉक्टर गप्प बसून राहिला. मध्ये तोडलं नाही, हात काढला नाही. महिनाभर शिकलेलं सगळं त्यानं एकदाच, जसंच्या तसं, बरोबर केलं. फक्त बाई लॅपटॉपातली होती, तेवढंच.

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि खिशातला कागद काढला. गुडघ्यावर धरून लिहिलं: पास. खाली सही केली. मालनताईनं शाई वाळायच्या आत कागद पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड गच्च आवळून धरलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि आता ते डोळे आल्यामुळे नव्हते.

"चला परत," साहेब म्हणाले.

"असं कसं, साहेब? दवाखान्याच्या दारात नेल्याशिवाय परत नेता येत नाही."

साहेबांत आता वाद घालायची ताकद नव्हती. गाडी जिल्ह्याला गेली. तिथल्या तपासणीच्या खोलीत डॉक्टरनं लॅपटॉप हळूच पलंगावर ठेवला. मालनताईनं मुकाट्यानं पिशवीतून चार्जर काढला, एक टोक भिंतीत खोचलं, दुसरं लॅपटॉपला लावलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. सुमनबाई हिरव्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या.

"नमस्कार डॉक्टर. मला दोन दिवस सर्दी झालीय. मी वाचेन ना?"

डॉक्टर बघतच राहिला. "अहो बाई, तुम्ही वाचूनच आलात की!"

मग तो त्या वायरीकडे वळला. ती त्यानं बोटांनी चाचपली, वास घेऊन बघितली. "मालनताई, हे औषध कुठलं? कॉलेजात आम्हाला शिकवलंच नाही!" आणि त्यानं वही काढली. लिहून घेतलं.

बेलसरे साहेबांनी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. धावणं झालं होतं, रडणं झालं होतं. त्यांनी भिंतीला हात टेकला, डोळे मिटले आणि शेजारच्या पलंगावर आडवे झाले. पुटपुटले, "ढोबळे, माझ्या अंगात जीवच राहिला नाही हो."

ढोबळे डॉक्टर धावला. खुर्ची ओढून साहेबांजवळ बसला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं त्यानं सुमनबाईंचा चार्जर उपसून घेतला होता.

"घाबरू नका, साहेब. घरच्या माणसासारखं बघतो मी," तो मायेनं म्हणाला. "जरा कुशीवर वळता का? पिन कुठं बसते तेवढं बघू."